कुठलं मुरुड?

माणगावला चहा घेताना नवऱ्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "हा मॅप आपल्याला मुंबईच्या दिशेला का पाठवतोय?"

मी म्हटलं, ट्रॅफिक असेल पुढे. दापोलीला जायचं तर महाडच्या अंगानं जायचं, एवढं मला पाठ होतं. त्यानं बुकिंगचा मेसेज उघडला, पत्ता मोठ्यानं वाचायला घेतला आणि शेवटचे दोन शब्द जरा थांबून वाचले. "जिल्हा रायगड."

तर, मुरुड दोन आहेत. (तिसरं लातूरकडे आहे, पण तिथे कुणी समुद्राकाठची खोली देत नाही.) एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याजवळचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. मधे राजपुरीची आणि बाणकोटची अशा दोन खाड्या. मला हवं होतं ते कर्व्यांचं. मी कर्वेनगरात वाढले, शाळा हिंगण्याच्या संस्थेतच झाली, दहा वर्षं अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्याच, फोटोसमोर उभं राहून प्रार्थना म्हटली, आणि खोली घेतली ती जंजिऱ्याच्या मुरुडात. अ‍ॅपवर 'मुरुड बीच' टाकलं, पहिलं जे बरं दिसलं त्याचे पंधराशे रुपये आगाऊ भरून मोकळी झाले. परत न मिळणारे पंधराशे. तिथल्या घरमालकांना फोन केला तर ते हसून म्हणाले, "ताई, महिन्यातून एखादा तरी येतो असा." चूक त्यांची नव्हतीच.

लेक म्हणाली, मग जंजिऱ्यालाच जाऊ की. तसं काही वाईट नव्हतं. जानेवारीचा दुसरा शनिवार, रायगडात पोपटीचे दिवस. शेतात मडकं लावून भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला मिळाल्या असत्या. पण सासूबाई गाडीत बसल्या होत्या. त्यांच्या माहेरचं कुलदैवत आसूदचा व्याघ्रेश्वर. गुडघा बदलल्यापासून दोन वर्षं एकच घोशा, एकदा देवाला नेऊन आणा. त्यांनी काच खाली केली. "मी देवाकडे निघाले आहे. राहायचं कुठे ते तुमचं तुम्ही बघा."

आसूद दापोलीजवळ. सकाळचे साडेआठ वाजलेले. राहायला जागा नाही.

आमच्या घरात शनिवार-रविवार हा प्रकारच नवा आहे, हे इथे सांगायला हवं. नवरा बावीस वर्षं भोसरीत नोकरीला होता. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, माझी पतसंस्था बंद रविवारी. बावीस वर्षांत दोघांची सुट्टी एका दिवशी आली ती सणावारी नाहीतर कुणाच्या लग्नात. दोन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी बदलली, तेव्हापासून महिन्यातून एक शनिवार आम्ही बाहेर पडतो. जागा शोधायचं काम माझ्याकडे. त्याला गाडी चालवायची असते, लेकीला रेंज हवी असते आणि सासूबाईंना कमोड.

हसू नका. कमोड हा आमच्या सगळ्या प्रवासांचा पाया आहे. अ‍ॅपवर समुद्रापासूनचं अंतर निवडता येतं, पोहण्याचा तलाव निवडता येतो, कुत्रं चालेल की नाही तेही विचारतात. संडास कसला आहे आणि तिथवर जायला किती पायऱ्या आहेत, हे कुणी लिहीत नाही. मग फोन करायचा. आणि फोन करायला लागल्यापासून माझ्या लक्षात आलं की खरी माहिती असते ती फोनवरच.

पायऱ्या किती, असं नुसतं विचारून भागत नाही. कोकणातली पायरी चिऱ्याची असते, एकेक फूटभर उंच. 'चारच पायऱ्या आहेत' ऐकून आम्ही एकदा गेलो आणि सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी वर उचलून घ्यावं लागलं. त्या म्हणाल्या, पालखीच निघाली म्हणायची. तेव्हापासून मी पायरी केवढी आहे तेही विचारते. गाडी दारापर्यंत येते का, हाही फसवा प्रश्न आहे. 'येते हो' म्हणतात, आणि मग लक्षात येतं की गाडी येते गडग्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापर्यंत, तिथून पुढे घरापर्यंत पाखाडी, दगडी पायवाट. आणखी एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही: शनिवारी तुमच्याकडे आणखी कोण उतरलंय? समोरचा अडखळला तर समजायचं, बारा-पंधरा पोरांचा ग्रुप आहे आणि त्यांच्याकडे स्पीकर आहे.

हा शेवटचा धडा महागात पडला. मागच्या उन्हाळ्यात एका ठिकाणी (गाव सांगत नाही, घर तर नाहीच नाही) 'सी व्ह्यू' म्हणून रात्रीला साडेचार हजार मोजले. समुद्र होता. शेजारच्या इमारतीवर दोन काळ्या टाक्या, त्या दोन टाक्यांच्या मधल्या फटीत निळी पट्टी. लेकीनं फोटो मात्र असा काढला की माझी बहीण अजून विचारते, ते कुठलं हॉटेल गं? रात्री दीडपर्यंत खालच्या लॉनवर गाणी. सासूबाईंनी कानात कापूस घातला आणि सकाळी मालकाला विचारलं, "लग्न कुणाचं होतं? अक्षता तरी दिल्या असत्या."

तर माणगाव. माझ्याकडे एक वही आहे. पतसंस्थेच्या मागच्या वर्षीच्या डायरीची कोरी राहिलेली पानं. तिच्यात गावाप्रमाणे नंबर लिहिलेले: ऑफिसातलं कोण कुठलं, कुणाची मावशी कुठे असते, कोण कुठे जाऊन आलं आणि जेवण कसं होतं. दापोलीच्या पानावर तीन नंबर निघाले. पहिला लागला नाही. दुसरीकडे जागा नव्हती. तिसरा आमच्या कॅशियरच्या आत्याचा, आंजर्ल्याचा.

काकूंनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "जेवायला किती जण?"

"चार. काकू, कमोड आहे का?"

"आहे हो. सासऱ्यांसाठी बसवून घेतला होता. ते गेले, कमोड राहिला."

"पायऱ्या?"

"खळ्यातून ओटीवर यायला तीन. उंच आहेत, पण मी मधे पाट टाकून ठेवीन. गाडी गडग्याशी लावायची, पुढं पाखाडी आहे, पंचवीस पावलं. म्हणजे माझी पंचवीस. तुमच्या आईंची चाळीस धरा."

या बाईंकडे राहायचं, हे माझं तिथेच ठरलं. दर विचारला तो शेवटी. जेवूनखाऊन माणशी अकराशे. मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा, नारळ सोलून ठेवायला हवेत. आणि दुपारी दोनच्या आत या, नंतर मला जरा आडवं व्हायचं असतं.

मंडणगडमार्गे दापोली गाठेपर्यंत लेक कंटाळली. मी तिला कर्व्यांची गोष्ट सांगितली. तुझ्याच वयाचे असताना ते परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. तिनं कानातलं एक बोंडूक काढलं. "त्यांनी निदान गावाचं नाव नीट वाचलं होतं."

आसूद दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यावरच लागतं. काकूंची दोनची अट होती, पण देवाआधी जेवण सासूबाईंना चाललं नसतं. दोघांनी दोन हात धरून त्यांना देवळात नेलं. नारळी-पोफळींमुळे भर दुपारी तिथे संध्याकाळसारखा उजेड. त्या गाभाऱ्यासमोर बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "लग्न झाल्यावर आले होते. तेव्हा गुडघे होते."

काकूंकडे पोहोचलो दोनला दहा कमी असताना. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. माझा नवरा बाहेर मासे खाणारा आणि घरात न खाणारा. शाकाहारी घर बघून त्याचा चेहरा उतरला होता, पण तिसऱ्या भाकरीला तो पुन्हा वर आला.

आता काय करायचं, हा पुढचा प्रश्न. पूर्वी मी निघण्याआधी कागद करायची. नऊ-दहा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ. परतल्यावर आठवायचं ते फक्त पार्किंग. आता मी एकच गोष्ट ठरवून निघते (या खेपेला व्याघ्रेश्वर), बाकीचं ज्यांच्याकडे उतरतो त्यांच्यावर सोडते. मात्र 'इथे बघण्यासारखं काय आहे' असं विचारायचं नाही. त्याला उत्तर मिळतं ते गावाच्या वेशीवरच्या पाटीवर असतं तेच. मी काकांना विचारलं, "आम्ही आलो नसतो तर आज संध्याकाळी तुम्ही कुठे असता?"

ते म्हणाले, "चार वाजता हर्णैला."

हर्णैच्या बंदरावरचा माशांचा लिलाव मी ऐकून होते, पण मासे न खाणाऱ्या बाईला त्यात काय, असं वाटायचं. बोटी खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या माल आणायला थेट समुद्रात शिरतात. चाकं बुडतात, बैल पोटाएवढ्या पाण्यात उभे, गाडीवान वर उभा राहून टोपल्या घेतोय. वाळूवर ढीग पडतात आणि ढिगाभोवती माणसांचं कडं. भाव इतक्या पटकन बोलतात की आकडा कळेपर्यंत पुढचा ढीग सुरू झालेला असतो. कोळणी गर्दीत खांद्यानं वाट काढतात, मधे उभ्या राहिलेल्या पर्यटकाला सरळ बाजूला करतात. मलाही केलं. काका मासे घ्यायला आलेच नव्हते, ते बोलीचे आकडे ऐकायला येतात. निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्या दिवशी लेकीनं दीड तास मोबाइल बाहेर काढला नाही. रेंज नव्हती हेही खरं.

परत आलो तर सासूबाई ओटीवर. पुढ्यात सुपाऱ्यांची टोपली, शेजारी काकू, दोघी वाळलेल्या सुपाऱ्या सोलतायत. आम्ही नसताना दोघींनी आडनावं, गोत्रं, कोण कुणाच्या घरात दिली, सगळं लावून टाकलं होतं. कुठल्याशा चुलत आजेसासूमार्फत नातं निघालं. घरी मी साधी भाजी निवडायला दिली तर 'बोटं दुखतात' म्हणणाऱ्या बाई अर्धी टोपली सुपारी सोलून बसल्या होत्या. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि लेक होडीनं सुवर्णदुर्गावर गेले. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत हा एक, तेव्हापासून चौकशी वाढली आहे असं काका म्हणाले. होडी समुद्राच्या मर्जीनं सुटते, पावसाळ्यात नाहीच. काकांनी भरती-ओहोटी बघून वेळ सांगितली म्हणून बरं. किल्ल्याशी पाण्यात पाय घालून उतरावं लागतं, त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न नव्हता. दरवाजापाशी पायरीवर कासव कोरलंय आणि तटावर मारुती, ते तेवढं बघून या म्हणून काकांनी बजावलं होतं. परत आल्यावर नवऱ्यानं 1755 सांगितलं. आपणच, म्हणजे पेशव्यांनी, मराठ्यांच्याच आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना बरोबर घेतलं आणि कमोडोर जेम्सनं किल्ला जिंकला. 'आपणच' या शब्दावर त्याचा आवाज दरवेळी चढतो, जणू त्याला विचारूनच केलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं.

मी आणि सासूबाई तेवढ्यात कड्यावरच्या गणपतीला. पूर्वी खाडी ओलांडून चढून जावं लागायचं, आता गाडी देवळाशी जाते. उजव्या सोंडेचा गणपती, समोर तळं. वरून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. मी म्हटलं, आई, तो बघा किल्ला, तिथे आहेत दोघं. त्या बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. "टोपी घातली आहे का गं तिनं?"

निघताना पैसे द्यायची पंचाईत. आंजर्ल्यात आमच्या चारही फोनांना धड रेंज नव्हती, यूपीआय गोल गोल फिरत राहिलं. माझ्या पर्समध्ये नेहमी पाच हजार रोख असतात, पतसंस्थेत काम करणारी बाई आहे मी. चौघांचे चार हजार चारशे झाले. काकूंनी तीन हजार तीनशे घेतले. "आईंचे कशाला? त्या कामाला होत्या." मी बळेच पाटाखाली ठेवले, त्यांनी बळेच परत दिले, शेवटी त्याच्या सुपाऱ्या आणि आमसुलं घेतली.

वाटेत आसूदला पुन्हा थांबलो, या वेळी केशवराजासाठी. ओढ्यावरचा पूल, मग पोफळीच्या बागांतून वर जाणाऱ्या पायऱ्या. मी आणि लेक गेलो. वर गोमुखातून पडणारं पाणी इतकं गार की लेकीनं तोंड धुऊन 'आई गं' म्हटलं आणि पुन्हा धुतलं. सासूबाई खाली एका दुकानासमोरच्या बाकावर कोकम सरबत घेऊन बसल्या होत्या. परत येईपर्यंत दुकानदाराच्या सुनेला कितवा महिना आहे इथपर्यंत पोहोचल्या होत्या.

याच किनाऱ्यावर आणखी वर, बाणकोटजवळ, वेळास आहे. तिथे मी आणि लेक मागच्या मार्चमध्ये दोघीच गेलो होतो, कासवांसाठी. (नावाची गंमत तिथेही आहे. दिवेआगरच्या बाजूला आणखी एक वेळास आहे. मी आता जिल्हा वाचते.) चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. मादी वाळूत अंडी घालून निघून जाते. ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या तावडीतून वाचवून कुंपणात पुन्हा तशीच पुरायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला घरट्यावरची टोपली उचलतात. खाली पिल्लं असतात किंवा नसतात. दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं श्वास रोखून उभी असतात. आम्हाला शनिवारी संध्याकाळी काही नाही, रविवारी सकाळी नऊ पिल्लं. तळहाताएवढीसुद्धा नाहीत. लाट आली की मागे फेकली जातात, पुन्हा तोंड पाण्याकडे. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांना शनिवारीच परतायचं होतं, ते टोपली धरणाऱ्या पोरावर रागावले. तुम्ही वेळापत्रक का लावत नाही, म्हणाले.

वेळासला राहायचं ते गावकऱ्यांच्या घरातच. जमिनीवर गाद्या, दोन कुटुंबांत एक न्हाणीघर. सासूबाईंना नेणं शक्य नव्हतं, आणि मला खरं सांगायचं तर दोन दिवस पायऱ्या न मोजता हिंडायला बरं वाटलं.

वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव, आणि नानांचा वाडा आहे वाईजवळच्या मेणवलीला. सहा तासांचा रस्ता नको असेल तेव्हा आम्ही तिकडे जातो. घाटावर एक मोठी घंटा टांगली आहे, 1739 च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आणलेली. पण घाट म्हणजे पुन्हा पायऱ्या. सासूबाई वर वाड्याच्या सावलीत बसतात आणि आम्ही खाली कृष्णेत पाय सोडून. त्यांचं म्हणणं, नदी वरूनही दिसते.

आंजर्ल्याला पुन्हा जायचं हे आमचं परतीच्या वाटेवरच ठरलं होतं. गेल्या आठवड्यात मी काकूंना फोन लावला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात येऊ का म्हणून. त्या म्हणाल्या, "अहो, शिमगा नाही का? मुंबईची सगळी मंडळी येणार. पालखी घरी येते. माणसं ओटीवर, पडवीत, काही खळ्यात झोपणार." गणपतीत आणि शिमग्यात कोकणात घरगुती जागा मागायची नसते. ती घरं तेव्हा त्यांची असतात. हे मला माहीत असायला हवं होतं. मी सॉरी म्हटलं, एप्रिलमध्ये बघू म्हटलं.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई कपाटातून नऊवारी काढून वास घेऊन बघत होत्या. त्यांचा आणि काकूंचा दर रविवारी फोन असतो, हे मला तेव्हा कळलं.

"मला बोलावलंय पालखीला," त्या म्हणाल्या. "माजघरात माझी गादी घालणार आहेत. कमोडही आहे." मग जरा विचार करून, "तुम्ही मला सोडायला याल तेव्हा तुम्ही तिघं कुठे उतरणार, ते बघून ठेव हो. त्या मुरुडातल्याचे पंधराशे गेले ना तुझे?"